एएमएच 0.8 आलंय, डॉक्टर थेट डोनर एग म्हणतात. या आकड्यावर किती विसंबायचं?

औसाकडची | 11 नोव्हेंबर, रात्री 10:52

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय 32, लातूर जिल्हा. मिस्टर 36, शेती आणि बी-बियाणांचं दुकान. पाळी नियमित, 26-27 दिवसांची. नळ्यांचा एक्सरे नॉर्मल. गोळ्या, फॉलिक्युलर स्टडी, आययूआय (शुक्रजंतू नळीनं पिशवीत सोडणं) सगळं करून झालं, दिवस राहिले नाहीत. मागच्या आठवड्यात एका नव्या ठिकाणी दाखवलं. त्यांनी रक्त घेतलं. एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) 0.8 नॅनोग्राम, पाळीच्या दुसऱ्या दिवसाचं एफएसएच (अंडं वाढवायला मेंदूतून सुटणारं हार्मोन) 9.1. एएमएचच्या आकड्यापुढं ठळक 'एल' छापलेला, म्हणजे लो, कमी. मॅडमनी फाईल उघडली, एल बघितला आणि म्हणाल्या, "अंडी संपत आलीत, स्वतःच्या अंड्यांवर पैसा घालवू नका, डोनर घ्या." म्हणजे दुसऱ्या बाईची अंडी. त्यांचं लिहून होईस्तोवर पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. सोनोग्राफी त्या दिवशी झालीच नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? ह्यांनी सांगितलं, रक्त कमी आहे. तेव्हापासून रोज सकाळी माझ्यासमोर गूळ-शेंगदाणे आणि बीट येतंय. हसावं की रडावं कळत नाही.

विचारायचं एवढंच, एका आकड्यावरून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) यशस्वी होणार की नाही हे खरंच कळतं का? मिस्टरांची तपासणी दोनेक वर्षांपूर्वी झालीय, "बरी आहे" असं तोंडी सांगितलं होतं. कागद सापडत नाही.

---

गोदाकाठ | 11 नोव्हेंबर, रात्री 11:20

ताई, आधी रडणं थांबवा. माझं एएमएच 0.6 होतं. नांदेडला दोन ठिकाणी नाही म्हणाले, मग हैदराबाद गाठलं. पोरगी आता अंगणवाडीत जाते, माझ्याच अंड्याची. वय तेव्हा 30 होतं. आकडा म्हणजे निकाल नव्हे.

---

सिडको_एन७ | 12 नोव्हेंबर, सकाळी 7:05

गोदाकाठ ताई, तुमचं चांगलं झालं, आनंदच आहे. पण माझ्या नणंदेचं 0.5 होतं आणि तिला एकही गर्भ मिळाला नाही. दोन्ही बाजू सांगायला हव्यात, नाहीतर ताई आशेवर कर्ज काढतील.

---

स्टेथो_परभणी | 12 नोव्हेंबर, दुपारी 3:40

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझं आयव्हीएफ सेंटर नाही, त्यामुळं यात माझं काही विकायचं नाही. तुम्हाला न तपासता उपचार सांगणार नाही, पण आकडे काय सांगू शकतात आणि काय नाही तेवढं लिहितो.

एएमएच अंडाशयातल्या अगदी लहान फॉलिकल्समधल्या (अंडं ज्यात वाढतं त्या पाण्याच्या फुग्यांमधल्या) पेशी तयार करतात. लहान फॉलिकल्स जास्त तर एएमएच जास्त. त्यामुळं इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती अंडी हाती लागतील याचा अंदाज त्यातून चांगला येतो. कुणाला किती डोस द्यायचा, कुणाला जपून द्यायचा, हे आम्ही त्यावरून ठरवतो. मुळात त्याचा उपयोग हाच. अंड्यातली गुणसूत्रं बरोबर आहेत का, त्याचा गर्भ होईल का, तो रुजेल का, यातलं फारसं काही एएमएच सांगत नाही. अंड्याची प्रत मुख्यतः वयावर जाते. तिशीच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या गर्भांपैकी साधारण एक तृतीयांशात गुणसूत्रांचा घोळ असतो, चाळिशी ओलांडली की निम्म्याहून बऱ्याच जास्त गर्भांत. 32 व्या वर्षीचं 0.8 आणि 42 व्या वर्षीचं 0.8 यांच्यापुढं प्रयोगशाळा एकच एल छापते. दोघींचं भवितव्य मात्र एक नसतं.

आता तुमचं एफएसएच. ते एकटं वाचायचं नसतं. त्याच दिवसाचं इस्ट्राडायोल (अंडाशयातून येणारं हार्मोन) किती होतं? इस्ट्राडायोल 60-80 च्या वर गेलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून धरतं आणि खराब आकडासुद्धा चांगला दिसतो. शिवाय एफएसएच दर पाळीला हलतं. दहाच्या वर वारंवार येऊ लागलं की साठा उतरतोय असं आम्ही धरतो.

तिसरी गोष्ट, जी तुमच्याकडं झालीच नाही, ती एएफसी. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आतली सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली 2 ते 10 मिलिमीटरची फॉलिकल्स मोजतात. एएमएच आणि एएफसी एकमेकांशी जुळत नसतील तर आधी रिपोर्टवर शंका घ्यायची, बाईवर नाही.

कमी एएमएच म्हणजे मूल होणारच नाही, हा समज किती पातळ आहे त्याचं एक उदाहरण. 2017 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 30 ते 44 वयाच्या, नुकत्याच प्रयत्नाला लागलेल्या सुमारे 750 बायकांचा अभ्यास आला. एएमएच 0.7 च्या खाली असलेल्यांत 12 पाळ्यांत दिवस राहण्याचं प्रमाण 84 टक्के निघालं, नॉर्मल असलेल्यांत 75 टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता, म्हणजे दोन्ही गट सारखेच धरायचे. पण या बायकांना वंध्यत्वाचा इतिहास नव्हता. तुमची गाडी पुढं गेलेली आहे, त्यामुळं हा आकडा जसाच्या तसा तुमच्यावर चिकटवू नका.

---

काळीमाती | 12 नोव्हेंबर, रात्री 9:15

डॉक्टरसाहेब, मी गडी माणूस, पण बायकोमुळं हे सगळं पाठ झालंय. आमच्याकडं मिरगाच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठिवत्यात आन् किती उगवले ते मोजत्यात. घरात पोती किती हायेत ते इचारून उगवण कळत न्हाई. एएमएच म्हंजे पोती मोजणं, आसंच ना?

---

स्टेथो_परभणी | 12 नोव्हेंबर, रात्री 9:31

तंतोतंत. उद्यापासून ओपीडीत हेच सांगणार. फक्त एक भर घाला. पोती कमी असली तर एका पेरणीत सगळं वाया जायची भीती जास्त असते. कमी एएमएचचा खरा तोटा तिथं आहे. पाच अंडी निघाली तर पाचही पक्व नसतात, पक्व असतील तीही सगळी फलित होत नाहीत, फलित होतील तीही सगळी पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. दर टप्प्याला गळती आहे. बारा-पंधरा अंडी असतील तर ती सोसवते. म्हणून एएमएच कमी असलेल्या तरुण बाईला एका सायकलमध्ये यशाची शक्यता कमी असते, पण गर्भ तयार होऊन पिशवीत सोडला की तो रुजण्याची शक्यता तिच्या वयाप्रमाणंच असते.

हा फरक जगभरच्या तज्ज्ञांनीही मान्य केला आहे. 2011 च्या बोलोन्या निकषांनी "कमी प्रतिसाद" (इंजेक्शनं देऊनही कमी अंडी) हा एकच डबा केला होता. 2016 मध्ये पोसायडन नावाची वर्गवारी आली, तिनं एएमएच 1.2 च्या खालच्या बायका 35 च्या आतल्या आणि 35 च्या पुढच्या अशा वेगळ्या केल्या. कारण एकच, अंड्याची प्रत.

---

पिवळं_झाकण | 13 नोव्हेंबर, सकाळी 6:48

मी लॅब टेक्निशियन, तालुक्याच्या ठिकाणी कलेक्शन सेंटर चालवतो. आमच्या बाजूचंही थोडं ऐका.

एएमएचचं रक्त पिवळ्या झाकणाच्या जेलच्या ट्यूबमध्ये घ्यायचं. रक्त गोठलं की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळं करायचं, गार ठेवायचं आणि आइसपॅक घालून थर्माकोलच्या डब्यातून संध्याकाळच्या गाडीनं मोठ्या लॅबला पाठवायचं. हे कागदावर. प्रत्यक्षात मे महिन्यात 42 अंशात डबा स्टँडवर किती वेळ पडला, सिरम वेगळं केलं होतं की तशीच ट्यूब रवाना झाली, हे रिपोर्टवर कुठंच येत नाही. सगळे असं करतात असं नाही. पण ज्या आकड्यावर लाखाचा निर्णय घ्यायचा आहे, त्याचं रक्त शक्य असेल तर जिथं मशीन आहे तिथंच जाऊन द्या.

आणखी काही गोष्टी.

एएमएच पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतं, उपाशी राहायची गरज नाही. एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. प्रोलॅक्टिन सकाळी, उठल्या उठल्या धावपळ करत येऊन नव्हे, थोडं शांत बसून.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. काही मशीनवर बायोटिन हार्मोनचे आकडे बिघडवतं, आणि कुठला वर जाणार कुठला खाली ते तपासणीच्या पद्धतीवर असतं. रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, डोस मोठा असेल तर आणखी आधी. हल्ली प्रत्येक दुसऱ्या बाईच्या पर्समध्ये ती गोळी असते.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही एएमएच खाली येतं.

आणि एकक बघा. काही लॅब नॅनोग्रामऐवजी पिकोमोलमध्ये देतात. 1 नॅनोग्राम म्हणजे 7.14 पिकोमोल. माझ्याकडं एक जोडपं "आमचं एएमएच 6 आहे, भारी आहे" म्हणून पेढे घेऊन आलं होतं. ते 6 पिकोमोल होतं. सांगताना माझीच जीभ जड झाली. वेगवेगळ्या कंपनीच्या किटचे आकडेही एकमेकांशी हुबेहूब जुळत नाहीत, म्हणून मागचा आणि आताचा रिपोर्ट ताडून बघायचा तर लॅब एकच ठेवा.

---

औसाकडची | 13 नोव्हेंबर, दुपारी 1:10

अगंबाई! बायोटिन मी घेते. केस गळतात म्हणून पार्लरवालीनं सांगितलेलं. सोमवारपासून बंद.

---

आयुर्_संतती | 13 नोव्हेंबर, दुपारी 2:02

*[मजकूर काढला आहे. "90 दिवसांत एएमएच दुप्पट" अशा चूर्णाची जाहिरात आणि फोन नंबर होता. या विभागात औषधविक्री चालत नाही. — संपादक]*

---

सिडको_एन७ | 13 नोव्हेंबर, दुपारी 2:30

संपादकांचे आभार. नणंदेनं असल्या पुड्यांवर किती घालवले विचारू नका.

---

स्टेथो_परभणी | 13 नोव्हेंबर, रात्री 8:05

फॉलिकल्सचा साठा जन्माआधीच ठरलेला असतो, पुढं तो फक्त उतरतो. तो वाढवणारं चूर्ण नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. एक-दोन दशांश इकडं तिकडं होतात ते मोजमापातले चढउतार. त्यालाच हे लोक "गुण आला" म्हणतात. डीएचईए नावाची गोळी काही ठिकाणी लिहून देतात. तिचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही, आणि चेहऱ्यावर केस, मुरुम असे प्रकार होतात, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका.

---

हिंगोलीची_बाई | 14 नोव्हेंबर, सकाळी 11:25

मी उलट्या टोकाची. पीसीओडी, एएमएच 9.4. रिपोर्ट बघून जाऊबाई म्हणाल्या, "तुझं तर भरपूर आहे, मग अडतंय कुठं?" आता काय सांगायचं? पाळी दोन-दोन महिने येत नाही, अंडं फुटतच नाही. भरपूर असून उपयोग काय?

एका सेंटरला पहिल्याच भेटीत आयव्हीएफचं पॅकेज लिहून दिलं. ते करायचं का?

---

स्टेथो_परभणी | 14 नोव्हेंबर, दुपारी 4:18

पीसीओएसमध्ये (तुम्ही म्हणता ते पीसीओडीच) लहान फॉलिकल्स भरपूर असतात म्हणून एएमएच उंच येतं. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर प्रौढ बायकांत सोनोग्राफीच्या जागी एएमएच वापरायलाही मान्यता दिली आहे. उंच आकडा म्हणजे चांगली अंडी असं नाही.

नळ्या मोकळ्या असतील आणि मिस्टरांचा रिपोर्ट ठीक असेल तर आधी वजन, मग लेट्रोझोल. अंडं फुटायला पीसीओएसमध्ये हीच पहिली गोळी. आपल्याकडं 2011 साली वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, 2017 मध्ये ती उठली. जुन्या बातम्या वाचून घाबरू नका.

आयव्हीएफची वेळ आलीच तर उंच एएमएचवाल्या बाईला धोका वेगळा असतो. जास्त डोसनं अंडाशयं सुजतात, पोटात पाणी होतं, धाप लागते, त्याला ओएचएसएस म्हणतात. तो टाळायला डोस कमी, अंडी पक्व करायचं शेवटचं इंजेक्शन, म्हणजे ट्रिगर, एचसीजीऐवजी दुसऱ्या प्रकारचं, आणि गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडणं असे मार्ग आहेत. "तुमची ओएचएसएसची काय तयारी आहे?" हे सेंटरला जरूर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

---

मांजराकाठ | 15 नोव्हेंबर, रात्री 9:50

धाग्याशी संबंधित आहे म्हणून विचारते. माझी अंडी काढायच्या आधी ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन 1.9 आलं. डॉक्टर म्हणाले या महिन्यात गर्भ सोडायचा नाही, गोठवायचा. आमच्याकडं सगळ्यांना वाटलं पैसे उकळायचा धंदा. घरातला फ्रीज लाइट गेला की बंद पडतो म्हणून रोजचं इंजेक्शन शेजारच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये, डब्यावर माझं नाव लिहून ठेवलेलं. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत डबा मागायचा. एवढं करून शेवटी "पुढच्या महिन्यात बघू".

---

स्टेथो_परभणी | 15 नोव्हेंबर, रात्री 10:22

इथं तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन साधारण 1.5 च्या वर गेलं की पिशवीचं अस्तर वेळेआधी पुढं सरकतं. गर्भ पाच दिवसांचा आणि अस्तर त्याच्या पुढं गेलेलं, मग रुजणं अवघड होतं. गर्भाचं यात फारसं काही बिघडत नाही. म्हणून तो गोठवायचा आणि पुढच्या खेपेला अस्तर नव्यानं तयार करून सोडायचा. हार्मोनच्या आकड्यावर निर्णय बदलणं जिथं खरंच उपयोगी पडतं, त्यातलं हे एक ठिकाण.

गोठवलेला गर्भ गोळ्यांवर तयार केलेल्या अस्तरात सोडणार असतील तर त्या सुमाराचं प्रोजेस्टेरॉनही तपासतात. खालून ठेवायच्या गोळ्यांवर ते 9-10 च्या खाली राहिलं तर इंजेक्शनची जोड देतात.

---

मांजराकाठ | 15 नोव्हेंबर, रात्री 10:30

हे आमच्या डॉक्टरांनी असं सांगितलं असतं तर घरात तमाशा झाला नसता.

---

सिडको_एन७ | 17 नोव्हेंबर, सकाळी 8:40

सगळा धागा बायकांच्या रक्तावर चाललाय. गड्यांचं काय? माझा भाऊ, वय 29, जिम. वहिनीच्या दोन वर्षं तपासण्या, दुर्बीणसुद्धा झाली. भावाची तपासणी म्हटलं की आई म्हणायची, "माझ्या लेकात काय खोट आहे, कसा पैलवान दिसतो." शेवटी केली तर शुक्रजंतू शून्य. जिममधल्या कुणीतरी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती.

---

स्टेथो_परभणी | 17 नोव्हेंबर, दुपारी 3:12

हा प्रकार आता दर महिन्याला दिसतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो एफएसएच आणि एलएच सोडणं बंद करतो, आणि वृषणातलं शुक्रजंतूंचं काम थांबतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन उंच, एफएसएच-एलएच जवळजवळ शून्य, असं चित्र दिसलं की जिमचा प्रश्न विचारायचा. इंजेक्शनं बंद केली की बहुतेकांचं परत सुरू होतं, पण महिने लागतात, कधी वर्षही. तज्ज्ञ औषधं देऊन मदत करू शकतात.

शून्य शुक्रजंतू असतील तर पुरुषाचं एफएसएच कामाचं ठरतं. वृषणाचा आकार चांगला आणि एफएसएच नॉर्मल, तर कुठंतरी वाट अडलेली असण्याची शक्यता जास्त. एफएसएच बरंच वर असेल तर कारखान्यातच अडचण. तरीही एफएसएच उंच आहे म्हणून वृषणातून शुक्रजंतू काढताच येणार नाहीत असं म्हणता येत नाही. तिथंही एका आकड्यावर फैसला नको.

औसाकडच्या ताई, "बरी आहे" हा रिपोर्ट नव्हे. मिस्टरांची तपासणी नव्यानं करा, दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणं संख्येची खालची मर्यादा मिलिलिटरला 16 दशलक्ष आणि एकूण हालचाल 42 टक्के. एकदा कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा.

---

काळीमाती | 17 नोव्हेंबर, रात्री 8:00

बरोबर. आन् तपासणीला गड्यानं एकट्यानं जावं, आईला संगं नेऊ नये.

---

औसाकडची | 29 डिसेंबर, रात्री 11:15

बरेच दिवसांनी येतेय. सोयाबीनचे पैसे हातात यायची वाट बघत होतो, मग येळवस आली. शेतात कोपीत पूजा, भज्जी, अंबिल, सगळं गाव जेवायला. तिथंसुद्धा चुलत सासूबाईंनी पदर पसरून "पांडवांनो, पुढच्या येळवसेला हिच्या कडेवर लेकरू दे" म्हणून घेतलं. मी अंबिलीचं मडकं उचलून दुसऱ्या पंगतीकडं गेले.

आता रिपोर्ट. बायोटिन बंद करून, मशीन असलेल्या लॅबमध्येच रक्त दिलं. एएमएच 1.0. दुसऱ्या दिवसाचं एफएसएच 8.4, इस्ट्राडायोल 41. एएफसी उजवीकडं 4, डावीकडं 3. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) 2.1.

मिस्टरांचा रिपोर्ट दोनदा केला. संख्या एकदा 11 दशलक्ष, एकदा 9. हालचाल 28 टक्के. दुकानात फवारणीची औषधं हाताळतात, त्याचा संबंध आहे का तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले असू शकतो, हातमोजे वापरा आणि तंबाखू आधी सोडा.

हे डॉक्टर वेगळे आहेत, सोलापूरचे. म्हणाले, अंडी कमी आहेत हे खरं, पण तुमचं वय बाजूनं आहे, आधी स्वतःच्याच अंड्यांवर इक्सी (एकेका अंड्यात एकेक शुक्रजंतू सुईनं सोडणं) करू. पहिल्या खेपेला गर्भ कमी मिळाले तर गोठवून दुसऱ्यांदा अंडी काढू आणि मग सोडू. यश मिळेलच असं बोलले नाहीत. उलट चार पक्व अंडी मिळाली तर काय, दोन मिळाली तर काय, एकही गर्भ झाला नाही तर काय, हे कागदावर आकृती काढून दाखवलं. आम्ही दोघं तो कागद घरी घेऊन आलोय.

---

पिवळं_झाकण | 30 डिसेंबर, सकाळी 6:30

0.8 चं 1.0 झालं याचा फार आनंद मानू नका ताई, तेवढा फरक दोन लॅबमध्ये सहज पडतो. एएफसी 7 आणि एएमएच 1.0 एकमेकांशी जुळतात, हे महत्त्वाचं.

आणि पुढची सूचना आत्ताच. ट्रिगरला एचसीजीचं इंजेक्शन असेल तर ते दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडेही रक्तात रेंगाळतं. मेडिकलमधली पट्टी आणून आधीच घरी तपासू नका, खोट्या दोन रेषा येतात. बीटा एचसीजी (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी) डॉक्टर सांगतील त्याच दिवशी, आणि पहिला आकडा किती यापेक्षा 48 तासांनी तो किती चढला ते बघायचं.

---

गोदाकाठ | 30 डिसेंबर, सकाळी 9:12

ताई, मिस्टरांचं 11 दशलक्ष असताना तुम्हाला डोनर अंडं सांगितलं होतं?? डोनर अंडं घेऊनही इक्सीच करावी लागली असती. आधी दोघांचे कागद समोर ठेवायला नकोत का?

---

सिडको_एन७ | 30 डिसेंबर, दुपारी 12:45

कायद्याचं थोडं, कारण नणंदेच्या वेळी मी हे खणून काढलं होतं. 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणं सेंटरची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणीचा नंबर मागायला लाजू नका. उपचार घेणारी बाई 21 ते 50 आणि पुरुष 21 ते 55 वयाचा हवा. डोनर अंडं नोंदणी असलेल्या बँकेतूनच, डोनर 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि तिची सातपेक्षा जास्त अंडी काढता येत नाहीत. "ओळखीतली एक बाई आहे" असं कुणी कानात सांगितलं तर तिथून निघा. आणि त्या सेंटरमध्ये यशाची शक्यता किती, हे जोडप्याला समजावून सांगणं ही सेंटरची जबाबदारी कायद्यातच लिहिली आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी आकृती काढली ते उपकार नव्हेत, कामच आहे ते.

---

बीड_बायपास | 2 जानेवारी, रात्री 9:05

नवीन आहे. धागा वाचून जीवात जीव आला. माझं एएमएच 1.1, म्हणजे औसाकडच्या ताईंपेक्षा जास्त. वय 41. मलाही डोनर सांगितलंय. म्हणजे मीपण नाही म्हणू ना?

---

स्टेथो_परभणी | 2 जानेवारी, रात्री 10:10

ताई, तुमच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. तुमचा आकडा वरचा आहे, पण वय 41. अंडी कदाचित त्यांच्याइतकीच किंवा थोडी जास्त मिळतील, त्यातून गुणसूत्रं बरोबर असलेला गर्भ मिळण्याची शक्यता मात्र त्यांच्याहून बरीच कमी. एएमएच 3 असतं तरी 41 चं वय पुसलं गेलं नसतं. स्वतःच्या अंड्यांवर एक प्रयत्न करावासा वाटत असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण शक्यता आकड्यात विचारून घ्या आणि महिने घालवू नका. डोनरचा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर त्यामागं निदान कारण आहे. औसाकडच्या ताईंच्या वेळी ते नव्हतं.

---

बीड_बायपास | 2 जानेवारी, रात्री 10:26

समजलं. कडू आहे पण समजलं. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवारीच येतात. एएमएच परत करायचं का?

---

स्टेथो_परभणी | 2 जानेवारी, रात्री 10:34

कधीचं आहे?

---

बीड_बायपास | 2 जानेवारी, रात्री 10:36

ऑक्टोबरचं.

---

स्टेथो_परभणी | 2 जानेवारी, रात्री 10:41

मग नको, ते पैसे वाचवा. पुढची पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एएफसी, सोबत टीएसएच आणि साखर. मिस्टरांची तपासणी याच शनिवारी उरकून घ्या.